कपाटाच्या दारावरचं सोनेरी पदक

आमच्या घरच्या लोखंडी कपाटाचं डावं दार कोणी पुसत नाही. त्या दारावर आईने साड्यांची लेबलं चिकटवलेली आहेत. आई फॉल-पिको करते. नागपूरच्या इतवारीतल्या एका दुकानातून तिच्याकडे नव्या साड्या येतात आणि त्यांच्या काठाजवळ गोल, चौकोनी, चकचकीत लेबलं असतात. फॉल लावायच्या आधी ती लेबल काढते. नख लावत नाही. स्टीलच्या वाटीत कढत पाणी घेते, वाटी लेबलावर थोडा वेळ ठेवते आणि मग कोपरा धरून अलगद उचलते. लेबल अख्खं निघतं. ते टाकून द्यायला तिचा हात होत नाही, म्हणून ते कपाटावर जातं.

त्या दारावर, हिरव्या आणि जांभळ्या लेबलांच्या मधोमध, आता एक सोनेरी पदक आहे. ते साडीचं नाही. ते तिथे कसं आलं ते सांगायचं आहे. मला नीट जमेल की नाही, माहीत नाही.

मी इंग्रजीत एम.ए. करते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा विणकर होते. तांडापेठेतल्या आमच्या पुढच्या खोलीत खड्डामाग होता, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात बसून चालवायचा हातमाग, आणि मी लहान असताना तो मोडून विकला. आता बाबा मिहानमधल्या एका कंपनीच्या गेटवर गार्ड आहेत. शेवटच्या सत्रात आम्हाला प्रोजेक्ट करावा लागतो. माझ्या वर्गातल्या मुलींनी विषय आधीच ठरवले होते. बहुतेकींनी मागच्या मुलींचेच विषय थोडे फिरवून घेतले होते. मला तसं करायचं नव्हतं, पण दुसरं काय करायचं तेही कळत नव्हतं.

एक दिवस लायब्ररीत मी लहान मुलांच्या पुस्तकांना मिळणारे पुरस्कार शोधत होते. शोधता शोधता एक वेगळाच पुरस्कार सापडला. तो फक्त ज्यू मुलांसाठी आणि किशोरांसाठी लिहिलेल्या पुस्तकांचा होता. अगदी लहानांचं चित्रपुस्तक वेगळं, जरा मोठ्यांचं वेगळं, कॉलेजच्या उंबऱ्यावरच्या मुलांचं वेगळं. त्यांच्यातलीच काही माणसं, बरीचशी ग्रंथपाल, वर्षभर आलेली पुस्तकं वाचतात. पुस्तक मुलाला वाचावंसं वाटेल का, आणि त्यात आपल्या लोकांचं जगणं खरं उतरलंय का, हे दोन्ही बघतात. जिंकलेल्या पुस्तकावर सोनेरी पदकाचं चित्र चिकटवतात. जे थोडक्यात राहिलं त्यावर रुपेरी.

मी ते वाचून बराच वेळ तशीच बसले. जगाच्या मानाने एवढीशी ती माणसं. आणि त्यांची मोठी माणसं दरवर्षी एकत्र बसून विचारतात, की आपल्या लेकरांना या वर्षी आपण कोणती गोष्ट वाचायला देऊ? आमच्याबद्दल असं कोणी कधी विचारलं असेल का? शाळेत असताना माझ्या वाचनात राजवाडे आले, शेतं आली, परदेशातले किल्लेही आले. पण खोलीत माग आहे आणि त्यामुळे अभ्यासाला जागा नाही, अशी एकही मुलगी आली नाही.

माझ्या गाइड मॅडमना मी भीतभीतच विषय सांगितला. त्या हसल्या आणि दुसऱ्या दिवशी एक पुस्तक घेऊन आल्या. त्यांची भाची परदेशात वाढली, तिचं लहानपणीचं पुस्तक. मुखपृष्ठावर ते सोनेरी पदक होतं. मॅडम म्हणाल्या, "जपून वाच. ती नागपूरला आली की पहिलं हेच मागते."

पुस्तकातली मुलगी बारा-तेरा वर्षांची. तिचे वडील शिंपी. घर आणि दुकान एकच. शुक्रवारी सूर्य कलला की वडील शिलाई मशिनवर चादर टाकतात आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत मशीन बंद. मुलीला चित्रं काढायचं वेड, पण त्यांच्या धर्मात तो विश्रांतीचा दिवस, तेव्हा पेन्सिलही धरायची नाही. ती चिडते, कंटाळते. मग हळूहळू तिला त्या शांत घरातल्या गोष्टी दिसायला लागतात. वडिलांचे हात रिकामे कसे दिसतात. आई खिडकीशी नुसती बसते तेव्हा कशी दिसते.

मी ते मेट्रोत वाचत होते. सीताबर्डी आली आणि मी उतरायचं विसरले.

विषयाची मंजुरी शुक्रवारी होती. विभागातले सगळे शिक्षक समोर बसले होते. मी लिहून आणलेलं वाचलं. विभागप्रमुख असलेल्या मोठ्या सरांनी शांतपणे ऐकलं आणि चष्मा काढला.

"तुम्ही कधी ज्यू माणूस पाहिलाय?"

"नाही सर."

"कोकणात आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना लोक शनिवार तेली म्हणायचे. तिकडे गेलात?"

"नाही सर." मला हे माहीतच नव्हतं. 

"मग तुमचा याच्याशी संबंध काय? आपल्या मातीतलं काही घ्या ना. सोमवारी या. एकतर याचं उत्तर आणा, नाहीतर दुसरा विषय आणा."

सर वाईट बोलले नव्हते. प्रश्न बरोबर होता. माझा संबंध आहे हे मला आतून माहीत होतं, पण तो शब्दांत येत नव्हता. आणि हा विषय गेला तर मी पण मागच्या वर्षीचंच काहीतरी फिरवून लिहीन, पास होईन, आणि ती लायब्ररीतली दुपार कुठेच राहणार नाही, एवढंच मला दिसत होतं.

रविवारी सकाळी मी पाणी भरून आत आले, तर आई माझ्या पुस्तकाजवळ बसली होती. पुस्तकावर वाटी होती. वाटीतून वाफ निघत होती.

"आई!"

"थांब वं, झालंच." तिने वाटी उचलली, कोपरा धरला, आणि सोनेरी पदक अख्खंच्या अख्खं तिच्या बोटांवर आलं. तिने ते माझ्यासमोर धरलं. "पाय, डाग नाही का काही नाही. दुकानातल्या पोरीईले जमते का असं?"

मी काही बोलायच्या आत तिने ते कपाटाच्या दारावर लावलं आणि तळहाताने दाबलं.

मी रडायलाच लागले.

"काहून वं? काय झालं? तू दोन दिवसापासून या पुस्तकाले छातीशी धरून राहिली. मले वाटलं, घेतलं असन. घरात आणलेल्या वस्तूवर बाजाराची खूण ठेवतात का?"

ही आमच्याकडची जुनी रीत. बाबा सांगतात, लेबल आहे तोवर तो माल, लेबल निघालं की ती साडी. घरातल्या बाईसाठी विणलेल्या साडीला तर शिक्काच लागू द्यायचे नाहीत. आईने माझ्या पुस्तकाला घरचं केलं होतं.

"ते लेबल नाही वं आई. बक्षीस आहे ते."

"बक्षीस? पुस्तकाले?"

"हो."

"मंग पुस्तकाले कसं समजन?" असं म्हणून तिला स्वतःलाच हसू आलं. मग माझं तोंड पाहून तिने विचारलं, "कोनाचं आहे?"

"मॅडमचं."

"अवं माय!" ती उठली आणि कपाटावरचं पदक काढायला गेली. पण उभ्या दारावर वाटी ठेवता येईना, आणि कपाटाच्या रंगावर ते घट्ट बसलं होतं. कोपरा उचलला तर सोनेरी पापुद्रा सुटायला लागला. तिने हात मागे घेतला.

बाबा रात्रपाळी करून अंथरुणावर पडले होते. ते उठून बसले. "काय चालू आहे मायलेकीचं?"

आईनेच सांगितलं. बाबांनी पुस्तक हातात घेतलं. पदकाच्या जागी गोल गडद ठसा राहिला होता, कारण बाकीचं मुखपृष्ठ उन्हाने फिकं झालं होतं. बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला. "लेकरांच्या पुस्तकाले बक्षीस. कोन देते?"

"त्यांचेच लोक. वर्षभर वाचतात, पाहतात आणि ठरवतात."

"आपलेच लोक पायतात?" बाबा म्हणाले. "बरं आहे. आमचा माल तर नेहमी दुसरेच, दुकानवाले, पायत होते. आन हे असं तोंड करून." त्यांनी जे तोंड केलं त्याला आई खळखळून हसली. मीही रडता रडता हसले.

"सांग बरं, काय आहे त्यात," आई म्हणाली. तिने मशिनवर साडी घेतली आणि मी गोष्ट सांगायला लागले. शिंपी, चादर, बंद मशीन, पेन्सिल न धरता येणारी मुलगी.

आईचा पाय थांबला. "म्हंजे अमावस्याच म्हन नं."



अमावस्येला आमच्याकडे माग बंद असायचा. सकाळी मागाला हळदकुंकू, आडवं सूत नेणाऱ्या धोट्यावर फूल, आणि मग दिवसभर त्याला कोणी हात लावायचं नाही. एरवी घरात सारखा खटक-खटक आवाज. आम्ही त्या आवाजावरून मोठ्याने बोलायचो. अमावस्येच्या दिवशी आवाज बंद झाला की मला आधी भीती वाटायची. मग शेजारच्यांच्या भांड्यांचा आवाज यायचा, कबुतरांचा यायचा. बाबा खड्ड्यातून वर आलेले असायचे, आणि मला दर वेळी नवल वाटायचं की बाबा एवढे उंच आहेत. ते भिंतीला टेकून बसायचे आणि मी त्यांच्या पायांवर बसायची. त्यांच्या बोटांना सुताचा वास यायचा. आम्ही काहीच करायचो नाही. मला आठवतात त्या सगळ्या दिवसांत तोच दिवस मला परत हवा असतो.

आता घर रोजच शांत असतं. पण ती शांतता वेगळी. बाबांची ड्यूटी अमावस्या पाहून लागत नाही.

"त्या पोरीच्या मायले तरी सुट्टी होती का?" आईने विचारलं.

"हो. त्यांच्यात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. सैपाक आदल्या दिवशीच करून ठेवतात."

आईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "आदल्या दिवशीच?"

"हो."

"पाय बरं!" ती बाबांना म्हणाली. "तुमच्या अमावस्येले तुमचा माग बंद, अन माह्यी चूल चालूच. वर पुरनाच्या पोया. मले कोनी सांगतलं नाही असंही असते म्हनून."

"आता सांगून राहिली नं पोरगी," बाबा म्हणाले.

"आता काय उपेग?" आई हसत म्हणाली, पण तिने मशीन लगेच चालू केलं नाही. साडी तशीच मांडीवर घेऊन ती दाराबाहेर पाहत बसली. मला पुस्तकातल्या खिडकीपाशी बसलेल्या त्या बाईची आठवण झाली. मी आईला तसं सांगितलं नाही.

सोमवारी मी आधी मॅडमकडे गेले आणि पुस्तक पुढे केलं. काय झालं ते सांगितलं. मॅडमनी त्या गोल ठशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुझ्या आईने घरचं केलं म्हणतेस," त्या म्हणाल्या. "मग राहू दे कपाटावर. भाचीला मी सांगेन. ती चिडेल थोडी." त्या हसल्या, पण पुस्तक त्यांनी पुन्हा पिशवीत ठेवलं. मला थोडं वाईट वाटलं. ते पुस्तक माझं नव्हतंच, हे तेव्हा नीट कळलं.

मग सरांसमोर उभी राहिले. मी लिहून आणलेला कागद पाहिलाच नाही. म्हटलं, "सर, मी ज्यू माणूस पाहिला नाही. पण महिन्यातून एक दिवस, अमावस्येला, माग बंद ठेवणारं घर पाहिलंय. ते माझं घर होतं. ते मला त्यांच्या पुस्तकात सापडलं. आमच्या पुस्तकांत मी शोधलं, सर, मला नाही सापडलं. कुठे असेल तर मला माहीत नाही. त्यांच्या मुलांना ते सापडावं म्हणून त्यांची मोठी माणसं काय करतात, कशी निवडतात, कशावरून भांडतात, ते मला शिकायचंय."

 सरांनी पेनचं टोपण काढलं. मग म्हणाले, "शीर्षक लहान करा. आणि तुमच्या घराचं प्रोजेक्टमध्ये आणू नका, ते तिथे बसणार नाही." सही करताना त्यांनी वर न बघता विचारलं, "खड्डामाग होता?"

"हो सर."

"हं," ते म्हणाले, आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

विषय मिळाला. मी तो करते आहे. निकष, विभाग, निवडीची पद्धत, सगळं इंग्रजीत, नीट परिच्छेद पाडून. घराचं त्यात नाही. ते इथे लिहिलं.

संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा आईने माझ्या तोंडात साखर घातली. मग ती लेबलं लावत कपाटापाशी उभी राहिली. पदकाच्या आजूबाजूला आता ती लेबलं लावत नाही. तेवढी जागा मोकळी ठेवते.

"आपल्या अमावस्येचं पुस्तक कोनी लिहिलं का वं?" तिने विचारलं.

"नाही अजून."

"पाय बरं, कुठी असन."

"पाहिलं आई. नाही."

"मंग ते येतवर हे पडून राहू दे इथंच," ती म्हणाली, आणि सोनेरी पदकाचा सुटलेला कोपरा अंगठ्याने पुन्हा दाबून बसवला.