गजाभाऊंचा मारवा

गजाभाऊ मेस्त्री गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवत. उजव्या हाताला नख्या, डाव्या हातात पोलादी कांडी. ती तारांवरून सरकवत ते चक्क ख्याल वाजवत. गिटार विजेची, खोताच्या वाडीतल्या एका बँडवाल्याकडून जुनी घेतलेली. सहा तारा, अंग भरीव लाकडाचं. पेटीला जोडली नाही, तर तिचा आवाज दोन हातांपलीकडे जात नसे. आवाज वाढवणारी ती पेटी त्यांनी स्वतः बनवली होती. गिरगावात एका दुकानात ते रेडिओ दुरुस्त करत.

आमच्या खोल्या शेजारी शेजारी. मी विचारलं की सांगत, "सूर दाबायचा नसतो हो, सरकवायचा असतो. माणसाच्या गळ्याला कुठे पडदे असतात?"

त्यांचा स्वतःचा गळा विषमज्वरात गेला होता. त्याआधी सात वर्षं ते दादरला भिकाजीबुवांकडे गाणं शिकले. गिटार हाती घेतली तेव्हा बुवा म्हणाले, "लाकडाला वीज लावून गाणं होत नाही," आणि त्यांनी बोलणं टाकलं. त्याला चौदा वर्षं झाली होती. दर गणपतीत गजाभाऊ चाळीच्या चौकात वाजवत आणि दर वर्षी दादरला जाऊन बुवांना आमंत्रण देऊन येत. बुवा कधी आले नाहीत.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतलं ते वर्ष. गणपतीचा चौथा दिवस, कार्यक्रम साडेसहाचा. सहाला नाक्यावरच्या सभेचे दोघे कार्यकर्ते धावत आले. त्यांचा ध्वनिक्षेपक बंद पडला होता आणि माणसं तर जमलेली. गजाभाऊ तबलजीला आणायला गेले होते. उत्सवाचा चिटणीस मी. वाजवणं काय, उद्याही होईल, असा हिशेब करून मी त्यांना न विचारता पेटी देऊन टाकली.

गजाभाऊ परतले. रिकाम्या जागेकडे बघत म्हणाले, "सेक्रेटरी, माझा गळाच उचलून दिलात की."

तेवढ्यात काठी टेकत बुवा चौकात शिरले.

"काय रे गजा, वीज गेली?"

"सभेला गेली, बुवा."

"आणि मी मेल्या दादरहून काय तुझं तोंड बघायला आलो?"

मी पेटी आणायला निघालो, तर बुवांनी काठी आडवी घातली. "राहू दे. ती माणसं मोठ्या कामाला जमलीत." ते गिटारशेजारी बसले, हळूहळू वाकले आणि त्यांनी लाकडाला कान लावला. "हं. वाजव."

गजाभाऊंनी मारवा वाजवला, चाळीस मिनिटं. आम्ही सतरा जण समोर बसून फक्त कांडी सरकताना बघत होतो. तबलजी हात बांधून बसला. नाक्यावरून घोषणा ऐकू येत होत्या, त्या गजाभाऊंच्याच पेटीतून.

बुवा सरळ झाले. "धैवतावर घाई केलीस. उद्या सकाळी घरी ये."

गजाभाऊंनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं ते बराच वेळ उचललं नाही.

पुढे दोन वर्षं, बुवा होते तोवर, ते दादरला जात राहिले. मग मुलाकडे अँटॉप हिलला राहायला गेले. मी तिथे जाऊन कितीदा म्हटलं, "एकदा मारवा होऊ दे, पेटी लावून." ते यमन वाजवत, भीमपलास वाजवत. मारवा नाही. "तो बुवांना दिला हो," म्हणत.

आता गजाभाऊही नाहीत. रेडिओवर कधी मारवा लागतो. गवई धैवतावर छान थांबतो, आणि मला मात्र गजाभाऊंनी घाई केलेला तो धैवत ऐकायचा असतो.