उरलेलं औषध

आमच्या होटगीच्या बाजूला एक रीत आहे. फवारणी झाल्यावर पंपात औषध उरलं, तर ते कुणी ओतून देत नाही. बांध ओलांडून शेजाऱ्याच्या चार ओळींवर मारून यायचं. विचारायचं नाही, सांगायचंही नाही. पुढे त्याच्याकडे उरलं की तोही आपल्या ओळींवर मारून जातो.

माझ्या तुरीला लागून अण्णांची तूर. अण्णा घरात कन्नड बोलतात, माझ्याशी मराठी, आणि मला तंगेव्वा म्हणतात, म्हणजे धाकटी बहीण. मी या गावात नांदायला आले तेव्हापासून म्हणतात. माझा सख्खा भाऊ फोन करायचा तो कामापुरता, त्यामुळे मला हे नातं बरं वाटायचं.

मग सरकारची सेंद्रिय शेतीची योजना आली. धोरण दिल्लीतलं, बैठक आमच्या समाजमंदिरात. गट करायचा, तीन वर्षं शेतात रासायनिक काही घालायचं नाही, मग मालावर सेंद्रियचा शिक्का. तपासणीही गटातल्यांनीच एकमेकांच्या शेतात जाऊन करायची. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू? ज्वारीचा प्रश्नच नव्हता. तिला आमच्या घरात आजवर कुणी औषध दाखवलं नव्हतं. बिचारी न सांगताच सेंद्रिय होती. प्रश्न तुरीचा होता, कारण तुरीला अळी. शेजारचं औषध वाऱ्यानं उडून येऊ नये म्हणून बांधालगत पट्टा सोडायला सांगितला, तिथं मी मका लावला. अण्णांना गटात या म्हटलं, तर म्हणाले, "या वयात मला काय शिकवतीस?"

आमचे हे रेल्वेत, शेती मीच बघते. सोलापूरच्या बाजारात शिक्क्याच्या पिशवीत माझी डाळ माझ्या नावानं विकायची, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. दोन वर्षं गोमूत्र आणि दहा पाल्यांचा अर्क ढवळण्यात गेली. अंगाला इतका वास यायचा की हे ताट घेऊन ओसरीवर बसायचे.

तिसऱ्या वर्षी शेंगा भरत होत्या, तेव्हा भाचीच्या बारशाला करकंबला माहेरी गेले. परत येऊन बघते तर तूर कशी लख्ख. एक अळी नाही. पाखरांनी बसून अळ्या टिपाव्यात म्हणून मी काठ्या रोवल्या होत्या, त्यांवर एक पाखरूही नाही. खाली मावा खाणारे ढालकिडे मरून पडलेले, आणि तो उग्र वास. अण्णा बांधावरच उभे होते, कौतुकाची वाट बघत.

"तू न्हवतीस. अळी लई पडली हुती. माजं औषध उरलं हुतं, चार वळी मारल्या. मग म्हनलं, चार वळींनी काय हुतंय? आनखी पंप भरले की. समदी मारून काढली."

माझा मका तुडवत ते पलीकडून अलीकडे आले होते. मी नको नको ते बोलले. माझं तोंड मुळात वाईट आहे, त्या दिवशी तर त्याला लगामच नव्हता. तीन वर्षं पाण्यात घातलीत म्हटलं. अण्णांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते पंप उचलून घरी गेले.

रात्री हे म्हणाले, "कुणाला कळतंय? मी अण्णांना सांगून ठेवतो, गप्प बसा म्हणून."

तपासणीला गट आला. चहाला दूध नेहमीसारखं अण्णांच्या घरून आलं होतं, म्हणून अण्णाही बांधावर होते. गटप्रमुख माझ्या तुरीतून फिरून आले आणि म्हणाले, "वैनी, लई स्वच्छ तूर. काय मारलं?"

मी अण्णांकडे बघितलं. ते मान खाली घालून चपलेनं ढेकूळ फोडत होते. आयुष्यभर ज्या गोष्टीला शेजारधर्म म्हणत आले, ती चोरीसारखी लपवत बसले होते. ते मला बघवलं नाही.

"अण्णांनी औषध मारलं," मी म्हटलं. "मी नव्हते म्हणून माझ्यासाठी मारलं."

चहा पिऊन झाला होता. आमच्यात चहा प्यायल्यावर कुणी कुणाच्या शेताला नावं ठेवत नाही. "असू द्या वैनी, आमी ऐकलंच न्हाय," गटप्रमुख म्हणाले. मी म्हटलं, ऐका. मग गटानं माझी तीन वर्षं परत पहिल्यापासून धरली.

त्यानंतर अण्णा बांध ओलांडेनात. बोलायचे, पण पलीकडून. पुढच्या साली मी पुन्हा माहेरी गेले आणि आले तेव्हा अळीनं निम्म्या शेंगा पोखरल्या होत्या. अण्णांना विचारलं, दिसत नव्हतं का?

"रोज दिसत हुतं," ते म्हणाले. "पर तुज्या पट्ट्यात पाय ठिवायचा न्हाय, असं हाय न्हवं?"

"फोन तरी करायचा."

"त्ये चालतं व्हय तुमच्या योजनेत?"

ते टोमणा मारत नव्हते, खरंच विचारत होते. मला रडू आलं. तुरीसाठी इतकं आलं नव्हतं.

त्या दिवशी उरल्यासुरल्या शेंगांवर मी अर्क फवारला. पंपात थोडा राहिला. ओतून देणार होते, मग पंप तसाच पाठीवर ठेवून मक्याच्या पट्ट्यातून पलीकडे गेले आणि अण्णांच्या चार ओळींवर मारून आले. विचारलं नाही, सांगितलंही नाही.

अण्णा नाकाला उपरणं लावून बघत होते.

"लई वास मारतंय गं, तंगेव्वा," ते म्हणाले. "उद्या उरलं तर हिकडची वळ ऱ्हायलीया बघ."