मामांच्या वहीतलं ‘माहीत नाही’

मोजल्याशिवाय आमच्या धाकट्या मामांचा या जगातल्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास बसत नाही, आणि एकदा मोजलं की मग ब्रह्मदेव आला तरी ते आपल्या मापावरून तसूभर हलत नाहीत. उभी नोकरी त्यांनी मोजणी खात्यात काढली. साखळी, टेप आणि हद्दीचे दगड यांच्या संगतीत माणूस इतकी वर्षं राहिला की त्याच्या डोळ्यांनाच फुटपट्टी फुटते. माझ्या लग्नात सगळे अक्षता टाकत होते तेव्हा मामा मांडवाच्या खांबाकडे बघत होते. पाया पडायला वाकलो, तर आशीर्वादाच्या आधी म्हणाले, “मांडव वीतभर तिरको आसा रे. पण संसार बरो होतलो.” मामींचे घावणे कधीच पुरते गोल नसतात, हे ते गेली पंचेचाळीस वर्षं ताटावर बसल्याबसल्या सांगत आले आहेत, आणि मामी गेली पंचेचाळीस वर्षं “मग उद्यापासून तुमीच घाला” असं म्हणून पुढचा घावणा वाढत आल्या आहेत. मालवणपासून थोडं आत, खाडीच्या अंगाला त्यांची वाडी आहे. बावीस घरं. त्यातल्या प्रत्येक घराचं खळं, म्हणजे पुढचं अंगण, किती फूट लांब आणि किती रुंद हे मामांना पाठ आहे; त्या घरातल्या मुलांची नावं मात्र ते हमखास चुकतात.

अशा माणसाने एकाहत्तराव्या वर्षी संख्याशास्त्र शिकायला घेतलं, याचं खरं तर आश्चर्य वाटायला नको होतं. पण मला वाटलं, कारण त्याचा सगळा त्रास मला झाला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते कुडाळला माझ्याकडे येऊन राहिले होते. एका डोळ्यावर पट्टी, वाचायला बंदी, त्यामुळे मी त्यांच्यासमोर लॅपटॉपवर काहीबाही लावून ठेवत असे. त्यात कुठल्याशा बाई व्याख्यान देताना दिसल्या. त्यांच्यामागे पडद्यावर ठिपके होते आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा. वर्ष बदललं की काही रेघा पुसल्या जात, काही नव्या उमटत. मामा उघड्या डोळ्याने पाच मिनिटं बघत राहिले आणि एकदम ओरडले, “ह्यां आमच्या वाडयेचां आसा!” माणसामाणसांतल्या नात्यांचं जाळं वर्षानुवर्षं कसं बदलतं, आणि ते बदल नुसते योगायोगाने होतात की त्यांच्यामागे काही रीत असते, हे आकड्यांवरून ओळखायचं, असा तो विषय होता. बाई तो इंटरनेटवरून शिकवत होत्या, इंग्रजीतून. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायच्या आत मामांनी माझ्याकडून नाव नोंदवून घेतलं. मी शाळेत मराठी शिकवतो. गणिताने दहावीत माझा हात सोडला, तो मी पुन्हा धरला नाही. तरीही पुढचं वर्षभर दर रविवारी त्या बाईंचे पाठ छापून वाडीत न्यायचे आणि मराठीत समजावून सांगायचे हे काम माझ्या गळ्यात पडलं. समजावून सांगायचो म्हणजे काय, शब्द मी सांगायचो आणि अर्थ मामा मला सांगायचे.

बाईंना शिकण्यासाठी हवी होती पुष्कळ वर्षांची माहिती: कोण कोणाशी जोडलेलं आहे, दरवर्षी एकदा, नेमाने टिपलेली. विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांकडे ती नव्हती. मामांकडे होती. चतुर्थीत वाडीत घरोघर भजन होतं, आणि ज्या घरी भजन त्या घरी उसळ आणि चहा. फार वर्षांपूर्वी एका घरी उसळ कमी पडली, त्याची पुढे सहा महिने चर्चा झाली. तेव्हापासून मामांनी वही घातली: कोणाच्या घरच्या भजनाला कुठल्या कुठल्या घरचा माणूस येऊन बसला. हेतू एवढाच की पुढच्या वर्षी वाटाणे किती भिजवायचे ते घरधन्याला सांगता यावं. भजनात पेटी मामाच वाजवतात, त्यामुळे बसल्या जागेवरून ते डोकी मोजत. अशा वीसेक वर्षांच्या वह्या कपाटात होत्या. उसळीच्या वाटाण्यांतून वाडीचा असा इतिहास निघेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

अभ्यासाची त्यांची तऱ्हा त्यांचीच. संगणकावरचं चित्र त्यांना पटेना, म्हणून खळ्यात चवळीचे बावीस दाणे मांडून ते काथ्याच्या तुकड्यांनी जोडत. एका दाण्याकडून दुसऱ्याकडे काथ्या गेला तर तिकडून परत येतो का, हे पहिलं बघायचं. मग माझा मित्र तुझ्याकडे जातो म्हणून मीही तुझ्याकडे जायला लागतो का, हे बघायचं. एका रविवारी मी पोचलो तेव्हा मामा हातात काठी घेऊन खळाभर धावत होते. “कोंबडीन पुजाऱ्याचां घर गिळल्यान!” मामी पायरीवर बसून नारळ किसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मग आता पुजाऱ्याक खंय ठेवतलात?” आठवड्याभराने झाडलोट करताना मामींच्या केरसुणीखाली एक अख्खं वर्ष गेलं, तेव्हा मात्र मामा घरात संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

त्या सगळ्या विषयातली एक गोष्ट त्यांच्या फार मनात बसली होती. दोन चतुर्थींच्या मधे काय घडलं ते आपल्याला दिसत नाही. पण ही पद्धत असं धरून चालते की जाळं एकदम बदलत नाही. एका वेळी एकाच माणसाची पाळी येते. तो एक दोर जोडतो, नाहीतर एक सोडतो, नाहीतर आहे तसंच राहू देतो. मी हे वाचून दाखवलं तेव्हा मामांनी हातातला काथ्या खाली ठेवला. मग म्हणाले, “आसा तसां ठेवणां ह्यां पण करणांच आसा रे. बाईन बरां सांगल्यान.” मी तेव्हा त्याचा फार विचार केला नाही.

पुढे संगणकाचं काम आलं. वहीतल्या आकड्यांवरून संगणक आमची वाडी पुन्हा पुन्हा नव्याने घडवून बघायचा, हजार वेळा, आणि खऱ्या वाडीशी ताडून पाहायचा. गणित जुळायला दोन-दोन तास लागत. मामा समोर खुर्ची टाकून बसून राहत. मी म्हटलं, “मामानू, तेका एकट्याक करू दे, तुमी वायच पडा.” तर म्हणाले, “नको रे. ह्या हजार वाडयांतल्या थोड्या वाडयांत मी आणि बाबल बोलतंव.”

बाबलकाका म्हणजे मामांचे शेजारी, शाळेपासूनचे सोबती आणि वाडीचे पखवाजवाले. मामांची पेटी आणि काकांचा पखवाज असला की ऐकणाऱ्याला तिसरं काही लागत नसे. दोघांच्या कुळागरांच्या, म्हणजे माडा-पोफळीच्या बागांच्या, मधे एक विहीर आहे, बाबलकाकांच्या वडिलांनी खणलेली. या अभ्यासाच्या नऊ वर्षं आधी मधला दगडांचा गडगा कोसळला. तो नवा घालताना काकाच मामांना म्हणाले, “परको कित्याक? तूच मोज.” मामांनी मोजलं. विहीर चार फूट मामांच्या हद्दीत आली. दुसरा कोणीही माणूस तिथे गप्प बसला असता, टेप गुंडाळून घरी चहा प्यायला गेला असता. आमच्या मामांनी जे होतं ते सांगितलं, आणि वर म्हणाले, “बाव माझी, पण पाणी तुझांच हो.” बाबलकाका म्हणाले, “माझ्या बापाशीचां पाणी तू माका देतलंस?” आणि त्यांनी बोअर मारून घेतली. तेव्हापासून त्या विहिरीतून दोन्ही घरांनी कळशीभरही पाणी काढलं नाही. वीस घरांच्या भजनात दोघं मांडीला मांडी लावून बसत आणि एकमेकांकडे न बघता असं वाजवत की एक मात्रा इकडची तिकडे होत नसे. पण मामांच्या घरचं भजन पखवाजाशिवाय होई आणि काकांच्या घरचं पेटीशिवाय. वाडीलाही त्याची सवय होऊन गेली होती. मामी मात्र एकदा माझ्यासमोर म्हणाल्या होत्या, “मोजून तुटलां, तां मोजून जुळाचां नाय.”

शेवटच्या पाठाआधी मामांचा तक्ता बाईंकडून परत आला. दर वर्षाचं एक पान, त्यात बावीस ओळी, बावीस रकाने. गेला असेल तर एक, नसेल तर शून्य. बाईंनी खूप कौतुक केलं होतं आणि खाली एक शंका विचारली होती: अमुक दोन घरांच्या मधल्या चौकटीत नऊ वर्षं, दोन्ही दिशांनी, ‘माहीत नाही’ असं का आहे? बाकी सगळीकडे इतकी चोख नोंद असताना ही माहिती खरोखरच मिळाली नाही, की मिळाली पण लिहिली नाही? ‘माहीत नाही’ असलेल्या जागी संगणक आपल्या अंदाजाने कधी शून्य भरतो, कधी एक भरतो, हे मामांनी शिकून घेतलं होतं. म्हणूनच हजारातल्या थोड्या वाड्यांत त्यांचं आणि बाबलकाकांचं बोलणं होत होतं. जन्मभर लोकांच्या हद्दी इंच न इंच खऱ्या लिहिणाऱ्या माणसाने एवढी एकच जागा खोटी लिहिली होती.

मी बाईंचा प्रश्न मराठीत वाचून दाखवला. मामांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. “शून्य लिवलां म्हणजे संपलां मां रे,” ते म्हणाले. त्यांच्या हट्टाला मी वर्षभर हसलो होतो, त्याची मला त्या क्षणी फार लाज वाटली. मग त्यांनी पेन घेतलं आणि नऊ वर्षांची अठरा शून्यं एकेक करून काढली, सावकाश, सातबारावर सही करावी तशी. तक्ता माझ्या हातात देत म्हणाले, “धाड बाईक. खरां तां खरां.”

चतुर्थी जवळ आली तेव्हा वाडीत कळलं की बाबलकाकांचा मुलगा त्यांना कायमचा मुंबईला नेणार. गुडघे गेले होते, काकू दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या, घराला कुलूप लागणार होतं. पाच दिवसांचा गणपती बोळवायचा आणि सहाव्या दिवशी निघायचं. पहिल्या दिवशी मामांच्या घरी भजन झालं, नेहमीसारखं पखवाजाशिवाय.

चौथ्या दिवशी पाळी काकांच्या घरची होती. भजन दुपारी ठेवलं होतं. मी मामांच्या पडवीत बसलो होतो. टाळवाले पुढे गेले. मामा आत गेले आणि पेटी खांद्यावर घेऊन बाहेर आले. मी घ्यायला उठलो तर हातानेच नको म्हणाले. रस्त्याने गेले असते तर बरं झालं असतं, पण ते गडग्याकडे वळले. दोन दगड निखळले होते तिथून, विहिरीच्या कडेने, पेटी सांभाळत पलीकडे उतरले. मी मागून जीव मुठीत धरून चाललो होतो. आम्ही काकांच्या पडवीत पोचलो. बाबलकाका पखवाजाला कणीक लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“पेटी ठेवशीत ती बघून ठेव,” ते म्हणाले. “जमीन कोणाची ती मोजलंस?”

मामा पेटी खांद्यावर घेऊन तसेच उभे. मग म्हणाले, “टेप घराक ठेवन इलंय.”

काकांनी कणकेचा हात पुसला आणि बाजूची चटई थोडी ओढून दिली. “मग बस.”

त्या दिवशी भजन किती वेळ चाललं ते मामांनी मोजलं नाही, म्हणजे कोणीच मोजलं नाही. उसळ कमी पडली आणि कोणी चर्चा केली नाही. आम्ही निघताना काका म्हणाले, “जाण्याआधी एकदा तुझ्याकडे येतलंय.” पण पाचव्या दिवशी विसर्जन झालं, पाहुण्यांची गर्दी होती, आणि सहाव्या दिवशी मुलाची गाडी ठरल्यापेक्षा लवकर निघाली. मामांनी घरी पखवाजासाठी चटई घालून ठेवली होती, ती संध्याकाळी मामींनी गुंडाळली.

कोर्सचं प्रमाणपत्र आलं, ते मामांनी छापू दिलं नाही. गेल्या रविवारी गेलो तेव्हा विहीर उपसून स्वच्छ केलेली दिसली. तिच्यात पाणी चढत होतं. पडवीत यंदाची वही उघडी होती, मी पानं चाळली. मामांच्या घरून बाबलकाकांच्या घरी, या चौकटीत एक, शाईने, ठळक. आणि काकांच्या घरून मामांच्या घरी, या चौकटीत पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: माहीत नाही.

मी मामांकडे बघितलं. “मामानू, हय शून्य होया मां?”

“तो येतलंय म्हणान गेलो आसा,” मामा म्हणाले, आणि वही माझ्या हातातून घेऊन मिटली.