कोचीचा लॉज आणि लिफ्टचा फोटो

१. आई-बाबांची क्रूझ शुक्रवारी कोचीला संपते. पुढे दोन दिवस शहर बघायला मी त्यांच्यासाठी स्वस्त लॉज शोधतेय.

२. आज चिंचवडच्या एजंटला त्याने सुचवलेल्या लॉजबद्दल विचारलं, "लिफ्ट आहे? आईचे गुडघे दुखतात." तो म्हणाला, "आहे ना ताई, बिनधास्त बुक करा."

३. मी चाकणला कंपनीत क्वालिटीत आहे. पाहिल्याशिवाय काही पास करत नाही. लिफ्टचा फोटो मागितला.

४. फोटोत आठ मजल्यांची बटणं. लॉजच्या बाहेरच्या फोटोत मजले चार.

हे सांगितलं तर एजंट हसला. "ताई, त्यांना फिरायला पाठवताय की ऑडिटला?"

आई म्हणते, "चढेन गं हळूहळू." चढेलही, आणि मग दोन्ही दिवस खोलीतच बसून राहील.

कोचीत तुम्ही स्वतः राहिलेलं, चालू लिफ्टचं स्वस्त ठिकाण असेल तर कृपया बुधवारपर्यंत कळवा.