काळा पडलेला फोटो
काल सुनेने स्वयंपाकघरात व्हिनेगरची बाटली उघडली आणि मला अलिबागच्या माझ्या स्टुडिओतली अंधारी खोली आठवली, कारण फोटो धुताना तिथे हाच आंबूस वास असायचा. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत फोटोचा कागद परदेशातून यायचा आणि कस्टममधून सोडवायला दुकानाची नोंदणी लागायची. माझी नोंदणी कुठल्याशा शिक्क्यापायी सहा महिने अडकली आणि कागद मुंबईच्या गोदीत पडून राहिला. त्याच सुमारास कोळीवाड्यातल्या एका म्हातारीचा एकुलता मुलगा होडीसकट बुडाला. त्याच्या एकमेव फोटोची निगेटिव्ह माझ्याकडे होती. मासळीची पाटी दारात उतरवून ती दर आठवड्याला विचारायची, "कागद आयला का रं? पोराचं तोंड बघाचं हाय." शेवटी नोंदणी झाली, कागद आला. तिला बाकावर बसवून मी आत गेलो. लाल दिव्याखाली निगेटिव्हची छाप घेऊन पहिला कागद औषधात टाकला, तो बघता बघता काळाठिक्कर पडला. दुसराही, तिसराही. या कागदाला उजेड लागू द्यायचा नसतो. गोदीतल्या कुणा कारकुनाने आतलं वेष्टन फाडून, नोंदणीबरहुकूम आहेत का म्हणून सगळे कागद भर उजेडात मोजले होते. वर शिक्का मात्र अगदी स्वच्छ उठला होता! मी तो ओला काळा कागद तिला दाखवला. "पोर यातच हाय ना? मग दे," म्हणाली आणि पदराखाली धरून घेऊन गेली. वर्षभराने चांगला कागद मिळाला, तेव्हा फोटो घेऊन मी तिच्या घरी गेलो. ती पावसाळ्यातच वारली होती. भिंतीवर तो काळा कागद होता, त्याला सुकलेला हार. मी नेलेला त्याचा फोटो अजून माझ्या कपाटात आहे. ते तोंड तिच्याशिवाय कुणाला बघायचं होतं?