रुमालाखाली रिकामा राहिलेला हात

मंडळी, आजचीच गोष्ट लिहितोय. मी अकोल्याच्या कापूस बाजारात कापूस खरेदी करणाऱ्या इंग्रज साहेबाचा दुभाषी. 'रेट', 'कॅश', 'प्रॉफिट' हे शब्द इथल्या लोकांना मीच शिकवले. बार्शीटाकळीचे रहीमचाचा तर बकरी व्याली तरी "प्रॉफिट झाला" म्हणायचे.

महिनाभर मीच त्यांना सांगत होतो, "चाचा, कापूस इकू नका. अमेरिकेतली लढाई चालू हाये, तिकडचा कापूस येत नाई, तोवर रेट वाढतच जाईन."

आज ते आठ गाड्या भरून घेऊन आले. आणि सकाळीच तार आली होती, लढाई संपली.

आमच्याकडे भाव तोंडानं ठरत नाही. रुमालाखाली हात द्यायचा, दलाल बोटं दाबतो, तो भाव. चाचांनी हात पुढे केला. दलालानं रुमालाला हातच लावला नाही. साहेब म्हणाला, "नो बायर्स." म्हणजे गिऱ्हाईकच नाही.

"काय म्हन्ते साहेब?" चाचांनी मला विचारलं. "प्रॉफिट किती?"

मी म्हणालो, "चाचा, उद्या सांगतो."

ते अजून गाड्यांपाशी बसून आहेत. तुमच्यापैकी कोणी जाऊन त्यांना सांगाल का? ते सांगायला इंग्रजी लागत नाही. पण माझ्याच्यानं होत नाही.