पाच मुली आणि अलिबागची भरती

बी.ए.चा निकाल लागला, त्या वर्षी मी खाडीकाठच्या शिरवण्यात आमच्या पडवीतल्या खोलीत गावातल्या मुलींचा वर्ग घ्यायचे. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. भर समुद्रात भिंत टिकते कशी, हे मुलींना बघायचं होतं, म्हणून अलिबागचा कुलाबा किल्ला ठरवला. ओहोटीला तिथे चालत जाता येतं. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, बजावलं: काही झालं तर वर्ग बंद, आणि त्याची मुलगी सुमी सातवीनंतर घरी.

वडिलांनी तिथीवरून बोटांवर भरतीचं पाणी मोजलं. "दुपार कलेपरत पानी येत नाय. निवांत जा."

तुम्ही गेलात तर पनवेलहून पहिली एसटी धरा, खिडकी मिळते. वडखळला वडा गरम असेल तरच घ्या. आम्ही भाकरी-सुकट नेली होती. वासाने पुढच्या बाईंनी नाकाला पदर लावला. मी डबा झाकला नाही.

घोटाभर पाण्यातून किल्ल्यात शिरलो. आत गणपतीचं देऊळ, गोड्या पाण्याची विहीर, चाकांवरच्या तोफा. मुली तोफेवर चढल्या तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, मुलींना हे शोभत नाही.

"मगाशी पोरगे तोफंवर चरले, तवा कुठं होता काका?" सुमीने विचारलं.

तटावरून पाहिलं तर वाट बुजायला लागली होती. वडिलांचा हिशेब आमच्या खाडीचा. खाडीत पाणी उशिरा पोचतं, इथे उघड्या समुद्रावर ते आधीच फिरलं होतं. बायका-पोरींनी आता संध्याकाळपर्यंत इथेच थांबावं, असं गृहस्थांचं मत. पण पाणी अजून गुडघ्याखाली होतं. आम्ही हातात हात धरून उतरलो. मध्यावर धाकटीच्या कमरेला लाटा लागल्या, तरी खाडीकाठच्या त्या मुलींपैकी एकीनेही हात सोडला नाही. तुम्ही जाल तेव्हा ओहोटीची वेळ अलिबागच्याच किनाऱ्यावर विचारा, आणि लहान मुलं असतील तर घोडागाडी करा.

घरी दादाने ओले परकर पाहिले.

"सांगितलं नव्हतं तुला?"

"वेळ चुकली, दादा. जाणं नाही चुकलं. मी त्यांना परत नेणार."

दुसऱ्या दिवशी खोलीला दादाचं कुलूप होतं. आम्ही बाहेर ओट्यावर बसलो, सगळ्या आळीसमोर. सुमीने किल्ल्याचा धडा मोठ्याने वाचला, तोफांपाशी आली तेव्हा आणखी मोठ्याने. दादा दारात उभा होता. तिने पान उलटलं आणि वाचत राहिली. जूनमध्ये ती आठवीत गेली, दादाने अडवलं नाही. कुलूप दिवाळीपर्यंत तसंच होतं, आम्हाला त्याची गरज पडली नाही.